खलनायकाचे डोळे

वयाच्या चौतिसाव्या वर्षी मला बाहुल्या रंगवायचं वेड लागलं. बाहुल्या हा बायकोचा शब्द. मी त्यांना फिगर म्हणायचो: वीतभर उंचीचे प्लास्टिकचे योद्धे, राक्षस, खलनायक, जे हौशी लोक कपाटात मांडून ठेवतात. कंपनीतून येतो तो रंग ओबडधोबड असतो. तो काढून नवा, बारीक, खराखुरा रंग चढवायचा, एवढाच हा उद्योग. नवीन पनवेलच्या आमच्या फ्लॅटची गॅलरी त्यापायी गेली. कपडे वाळत घालायला बायको गच्चीवर जाऊ लागली आणि येताजाता ‘रिकामा न्हावी भिंतीला तुंबड्या लावी’ म्हणू लागली. मला मात्र आनंदाच्या उकळ्या फुटत होत्या. ऑफिस सुटलं की कधी एकदा ब्रश हातात धरतो असं व्हायचं.

माझा हा पराक्रम ऐकून ऑफिसातल्या एका जुन्या मित्राने त्याचा खलनायक माझ्या हवाली केला. पहिल्या परदेशवारीत आणलेला. कंपनीने तो बनवणं बंद केलं होतं, त्यामुळे दुसरा मिळणार नव्हता.

“जीव आहे माझा याच्यात,” तो म्हणाला. “असा रंगव की बघून भीती वाटली पाहिजे.”

“रविवारी घेऊन जा,” मी ऐटीत सांगितलं.

झगा झाला, चिलखत झालं, दातांवर रक्तसुद्धा झकास उतरलं. राहिले डोळे. एकेक डोळा ज्वारीच्या दाण्याएवढा. पहिल्यांदा काढले तर गडी तिरळा झाला. थिनरने पुसले. दुसऱ्यांदा तो पेंगुळला. तिसऱ्यांदा एक डोळा कपाळाकडे निघाला. चौथ्यांदा पुसताना लक्षात आलं, की थिनर डोळ्यांबरोबर नाकही खातोय. मूळचं बाकदार, करारी नाक शेंगदाण्यावर आलं होतं. आणखी एकदा पुसलं असतं तर तेही उरलं नसतं. माझ्या तोंडचं पाणी पळालं.

शनिवारी सकाळी त्याला डब्यात घालून मी जुन्या पनवेलमधल्या एका गणपतीच्या कारखान्यात गेलो. तिथे आपटा गावाहून येणाऱ्या एक मावशी फक्त आखणी करायच्या, म्हणजे मूर्तींचे डोळे काढायच्या. सण तीन आठवड्यांवर आलेला, रांगेने गणपती डोळ्यांची वाट बघत बसलेले, आणि मी हे ध्यान पुढे केलं.

मावशींनी त्याला उलटासुलटा करून पाहिला. “ह्यो कोन हाय?”

“खलनायक आहे, मावशी. अख्खी शहरं जाळतो.”

“आनि नाक कुनी खाल्लं याचं?”

“मी.”

त्या इतक्या हसल्या की हातातला ब्रश खाली ठेवावा लागला. मग म्हणाल्या, “देते काढून. पन तू भायेर थांब. डोले काढताना मी कुनाशी बोलत नाय, आनि मनात वाईट कायबी आनत नाय.”

दहा मिनिटांत डबा परत आला. रस्त्यावर उजेडात झाकण उघडलं आणि मी वेड्यासारखा एकटाच हसत सुटलो. रेघ केसाएवढी बारीक, दोन्ही डोळे अगदी सारखे. पण ते डोळे गणपतीचे होते! काळा झगा, हातात कवटी, रक्ताळलेले दात, आणि वर ती शांत, मायाळू नजर: बाळा, काही काळजी करू नकोस. घरी बायकोने तर हसत हसत हातच जोडले.

रविवारी मित्र आला तेव्हा माझं हसू पार मावळलं होतं. त्याला भीती हवी होती, आणि पुसायची तर सोयच नव्हती. तो बघायच्या आतच मी कबूल करून टाकलं: डोळे माझे नाहीत, नाकाचं पाप मात्र माझंच. त्याने झाकण उघडलं.

“अरे, हा तर मला माफ करतोय,” एवढंच म्हणाला आणि न हसता डबा घेऊन गेला. इतक्या वर्षांची मैत्री एका नाकापायी गेली असं मी धरून चाललो. पुढचे तीन दिवस ऑफिसात तो कामापुरतंच बोलला, आणि मला फार वाईट वाटलं. गॅलरीकडे मी फिरकलोही नाही.

गुरुवारी तो माझ्या टेबलापाशी आला आणि त्याने एक दुसराच डबा समोर ठेवला. आत त्याच्या कपाटातला लाडका नायक होता, जगाला वाचवणारा.

“मावशींना सांग, याचेही डोळे काढून द्या,” तो म्हणाला. “त्या खलनायकाशेजारी उभा केला की हाच गुंड वाटतो.”