आभाळ सारवताना

मला चित्रं काढता येतात, असं मी भोरमध्ये जाहीर करून टाकलं होतं. प्राथमिक शाळेत शिक्षिका होते. फळ्यावर मोर, कमळ, बैलगाडी काढली की चौथीची पोरं टाळ्या वाजवायची, आणि तेवढ्यावर माणूस चढतो. दोन हजार सालाच्या आसपास एका निवृत्त चित्रकला शिक्षकांनी आपल्या माडीवर मोठ्या माणसांसाठी जलरंगाचा वर्ग काढला, तेव्हा पहिलं नाव माझंच होतं.

दर रविवारी सकाळी आम्ही पाचजण जमायचो. सरांचा पहिला धडा आभाळाचा. कागद फळीला चिकटवायचा, फळी जराशी तिरकी ठेवायची आणि निळा रंग वरून खाली एकसारखा उतरवायचा. मध्ये रेघ नको, डाग नको. मला वाटलं, हा तर पोरखेळ आहे. तीन रविवार गेले तरी माझ्या आभाळात पट्टे होते आणि पट्ट्यांच्या मध्ये फ्लॉवरच्या गड्ड्यासारखे डाग. चूक दिसली की मी सुकत आलेल्या रंगावर पुन्हा ब्रश फिरवायचे. दुरुस्त केल्याशिवाय मला राहवतच नसे.

शेजारी कापूरहोळला गॅरेज असलेले एक चाचा बसायचे. आयुष्यभर गाड्यांना रंग मारलेला माणूस, त्यांचं आभाळ पहिल्याच दिवशी गुळगुळीत. माझा कागद बघून म्हणाले, "बाई, तुमच्या आभाळाला डेंट आलाय." मला हसू आलं आणि रागही आला. राग जास्त आला.

चौथ्या रविवारी सर शांतपणे म्हणाले, "बाई, पुढच्या रविवारी हे जमलं नाही, तर शनिवारच्या वर्गाला बसा. अगदी ब्रश धरण्यापासून करू." शनिवारचा वर्ग लहान मुलांचा होता, आणि त्यात माझ्याच चौथीची सात पोरं होती. ज्यांच्या वह्यांवर मी लाल शाईनं 'पुन्हा काढा' लिहायचे, त्यांच्या मांडीला मांडी लावून मी बसायचं. सोमवारी शाळेत तोंड कसं दाखवणार होते कोण जाणे.

त्याच आठवड्यात रजा टाकून नसरापूरला एसटी बदलून वेल्ह्याकडे माहेरी गेले. घट बसायच्या आधी घर सारवायचं होतं आणि आईच्या गुडघ्यांनी संप पुकारला होता. लग्नानंतर मी शेणाला हात लावला नव्हता, भोरच्या घरात फरशी. आई उंबऱ्यावर बसून हुकूम सोडत होती.

"बादलीभर काला एकदमच कालव. मदीच कमी पडला तर दुसऱ्याचा रंग येगळा येतो."

मी आतल्या भिंतीपासून दाराकडे मागं मागं सरकत हात फिरवू लागले. अर्ध्यात आल्यावर मागचा एक पट्टा जाड दिसला. गेले तो सारखा करायला.

"म्या काय सांगितलं? वलं हाय तंवर फुडचा हात त्यात मिळवायचा. सुकाय लागलं का त्येला हात लावायचा न्हाई. तुला मागचं निस्तरायची लई हौस."

मी तशीच थांबले, कोपरापर्यंत शेण. आईनं जलरंगाची पेटी कधी पाहिली नव्हती, आणि माझे चार रविवार तिनं दोन वाक्यांत निकालात काढले होते. मी वाटाण्याएवढा रंग कालवत होते, तो मध्येच संपत होता, आणि मी सारखी मागं जात होते.

रविवारी वाटीभर निळा एकदमच कालवला. एक पट्टा, त्याच्या ओल्या कडेत दुसरा, त्यात तिसरा. मागं बघितलंच नाही. सरांनी कागद हातात घेतला आणि म्हणाले, "शनिवार रद्द." चाचा म्हणाले, "डेंट निघाला. कसा काढलात?" मग काय, मी उभी राहिले आणि सगळ्यांना सारवणावर अर्धा तास शिकवलं. सरसुद्धा ऐकत होते.

भाऊबीजेला तो कागद घेऊन माहेरी गेले.

"काय काढलंय ह्यात?"

"आभाळ."

"नुसतंच?"

ती कागद घेऊन दारात गेली. सारवलेली जमीन बघतात तसा तो उजेडाला तिरका धरला, वरपासून खालपर्यंत बोट न टेकवता फिरवलं आणि डाव्या बाजूला थांबली.

"हितं हात थांबला व्हता तुजा."

वाकून पाहिलं तर केसाएवढी रेघ होती. सरांना दिसली नव्हती, चाचांना दिसली नव्हती, मलाही नाही. ब्रश त्या जागी असताना माडीखालून कुणीतरी हाक मारली म्हणून मी क्षणभर खिडकीकडे पाहिलं होतं. माझा चेहरा पडला असावा.

"बाकी?" मी विचारलं.

"बाकी बरं सारवलंयस," आई म्हणाली.

लहानपणापासून त्या घरात मी किती वेळा सारवलं असेल, पण 'बरं' हा शब्द तिच्या तोंडून कधी निघाला नव्हता. मला इतका आनंद झाला की ओवाळायचं ताट तसंच ठेवून मी मागच्या दारी जाऊन रडून आले.