जंगल बंद, ग्रंथ चालू

वाघाच्या जंगलाला लागून असलेल्या आमच्या मोहर्लीत किस्से पावसाळ्यात साठतात. एरवी आम्ही गाईड लोक वाघामागे असतो, त्यामुळे आमच्याकडे वाघाचेच किस्से, आणि त्यातले निम्मे खोटे. पावसाळ्यात कोअरचं, म्हणजे जंगलाच्या गाभ्याचं, गेट तीन महिने बंद असतं. जवळपास तेच तीन महिने बौद्धांच्या वर्षावासाचे. मग विहारात रोज ग्रंथवाचन चालतं आणि किस्से खरे व्हायला लागतात, म्हणजे आपल्याच अंगावर येतात.

मागच्या पावसाळ्यात वाचक म्हणून माझी निवड झाली. मी मनात म्हटलं, इतकी वर्षं गाईडगिरी केली, आवाज दमदार आहे, शब्द स्वच्छ आहेत, शेवटी समाजाला कदर कळली! विहाराचं सगळं पाहणाऱ्या सुमनबाईंना मी अगदी नम्रपणे विचारलं, की एवढ्या लोकांतून मीच का?

"तुमीच तं रिकामे आहा," बाई म्हणाल्या. "बाकीचे धानाच्या रोवण्याले जाऊन राह्यले ना."

---

वाचकासाठी विहारात एक खुर्ची ठेवली होती. पहिल्याच दिवशी मी जाहीर केलं, की धम्मापुढे सगळे सारखे, मी खाली सतरंजीवरच बसणार. खरं सांगतो, लोकांनी दोन-तीनदा आग्रह करावा आणि मग मी नाइलाजाने खुर्चीवर बसावं, असा माझा हिशेब होता.

आग्रह कोणीच केला नाही. मागून झिंगाबाई आल्या, "बरं झालं बापा, माह्ये गुडघे लय दुखून राह्यले," म्हणाल्या आणि खुर्चीवर बसल्या. तीन महिने त्या खुर्चीवर आणि मी खाली. माझेही गुडघे दुखतात, पण ते आता कोणाला सांगणार?

---

गाईडची सवय जात नाही. एकदा वाचता वाचता विहारामागच्या झाडीत वानर वाघ दिसल्यासारखं खेकसलं. माझं बोट आपोआप वर गेलं, मी अर्ध्या वाक्यात थांबलो, आणि सफारीतल्यासारखं दबक्या आवाजात म्हणालो, "अलार्म कॉल आहे. कोणी हलू नका."

अख्खं विहार दगडासारखं बसलं. पाच मिनिटं गेली, दहा गेली. वाघ काही आला नाही, वानर निघून गेलं, आणि अंधार पडायच्या आत घरी पोचायचं म्हणून लोकही निघून गेले. त्या दिवशीचा अध्याय तेवढाच राहिला. दुसऱ्या दिवशी सुमनबाई म्हणाल्या, कालच्यासारखं ध्यान वर्षभरात कधी लागलं नव्हतं.

---

गाईडचा दुसरा रोग म्हणजे "माहीत नाही" हे दोन शब्द तोंडातून निघत नाहीत. टुरिस्टने कोणत्याही पक्ष्याचं नाव विचारलं तर आम्ही काहीतरी नाव सांगतोच, कारण तोपर्यंत पक्षी उडून गेलेला असतो.

ग्रंथात अनात्म आलं. सुमनबाईंनी विचारलं, हे म्हणजे काय? मी सुरू झालो. नदीचं उदाहरण दिलं, दिव्याचं दिलं, शेवटी आमच्या सफारीच्या जिप्सीचं दिलं, की चाक म्हणजे जिप्सी नाही, इंजिन म्हणजे जिप्सी नाही, मग जिप्सी कुठे आहे? पाऊण तास बोललो. बाईंनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं.

"म्हंजे तुमाले बी नाई समजलं," त्या म्हणाल्या. "चाला, उद्या पुन्हा वाचू."

---

क्रोधावरचा अध्याय मी फार सुंदर वाचला. एक-दोघींनी डोळे पुसले. त्याच तंद्रीत घरी आलो, तर चहा गार. मी बायकोवर असा ओरडलो की शेजारचं कुत्रं उठून बसलं.

बायकोने विचारलं, आज काय वाचलं? मी सांगितलं.

"मंग अध्याय उरला असंन थोडा," ती म्हणाली आणि चहा पुन्हा गरम करायला ठेवला.

---

आता एक किस्सा हसण्यासारखा नाही, पण तो सांगितल्याशिवाय पुढचा कळणार नाही.

विलास माझ्या जिप्सीचा ड्रायव्हर. त्या उन्हाळ्यात एका पाणवठ्यावर वाघीण पिल्लांना घेऊन येत होती. पाच गाड्या श्वास रोखून उभ्या. आत मोबाईल न्यायला बंदी आहे, आणि टुरिस्टचे मोबाईल गेटवर जमा करवून घेताना सगळ्यात मोठं भाषण मीच देतो. तर नेमका माझ्याच खिशातला मोबाईल वाजला. सकाळी ठेवायचा विसरलो होतो. वाघीण वळली आणि पिल्लांसकट झाडीत गेली.

पाहुण्यांनी गेटवर तक्रार केली, की पुढच्या सीटवरून फोन वाजला. विचारपूस झाली तेव्हा मी म्हणालो, ड्रायव्हरचा होता. विलासने माझ्याकडे एकदा पाहिलं आणि आपलं नाव लिहू दिलं. महिनाभर त्याला आत गाडी न्यायला बंदी झाली, तीही ऐन सीझनमध्ये. तेव्हापासून आमचं बोलणं बंद.

तो विलास रोज विहारात यायचा आणि खांबाला टेकून बसायचा. एके दिवशी चौथं शील आलं, खोटं न बोलण्याचं. वाचता वाचता माझा घसा असा कोरडा पडला की शब्दच फुटेना. पाण्याचा गिलास घेऊन कोण उठलं? विलास. मी पाणी प्यायलो आणि पुढे वाचलं. इतकी लाज मला आयुष्यात कधी वाटली नव्हती, तरी बोललो नाही.

---

आश्विन पौर्णिमेला वर्षावास संपतो. त्या दिवशी भिक्खू एकमेकांना विनंती करतात, की माझं काही चुकलेलं पाहिलं, ऐकलं असेल तर सांगा. याला पवारणा म्हणतात. मीच सुचवलं, की या वर्षी आपणही करू. मनात होतं की विलास सगळ्यांसमोर बोलेल, मला चार शिव्या घालेल, आणि मी सुटेन. स्वतःहून बोलायची हिंमत नव्हती, म्हणून ही युक्ती.

सुरुवात माझ्यापासून झाली आणि बराच वेळ माझ्यावरच थांबली. मी वाचताना घाई करतो, मध्येच इंग्रजी फाडतो, प्रश्न कोणी विचारला तरी उत्तर पाहुण्यांसारख्या दिसणाऱ्या माणसाकडे बघून देतो. बायकोने तर यादीच करून आणली होती. मग विलासची पाळी आली.

विलास उठला, डोकं खाजवलं आणि म्हणाला, "मले काई सांगाचं नाई." आणि बसला.

मग मात्र मला बसवेना. मी उभा राहिलो, हात जोडले, आणि सगळ्यांसमोर सांगितलं, की उन्हाळ्यात वाजलेला मोबाईल माझा होता, मी खोटं बोललो, आणि विलासची रोजी माझ्यामुळे गेली. सांगता सांगता रडू आलं. वर पाहिलं तर कोणाच्याही चेहऱ्यावर नवल नाही. झिंगाबाई खुर्चीवर पाय चोळत होत्या.

"आमाले माहीत आहे," सुमनबाई म्हणाल्या. "पाच गाड्या होत्या तिथी. तुमची रिंगटोन गावात कोणाले माहीत नाई?"

मी विलासकडे पाहून विचारलं, मग तीन महिने कोणी बोललं काऊन नाही?

"तुमी वाचून राह्यले होते ना, भाऊ," विलास म्हणाला. "म्हटलं, पोचसान हळूहळू."