सांध्यातलं तेल

माझ्या बापानं रायपुरात नाव बांधली. हसा खुशाल. आमच्या तात्यापारा मोहल्ल्यातही सगळे हसले होते. आमच्या फाटकासमोरून जाणारा प्रत्येक जण आत डोकावून विचारायचा, "काकाजी, समुंदर कब आ रहा है?" विचारणारा पुढे गेला की बाबा त्याचा राग माझ्यावर काढायचे.

नावेची पेटी आमच्याकडे आली तीच फुकट. नवं राज्य झालं, रायपूर राजधानी झालं आणि साहेब लोक रोज नवे यायला आणि रोज बदलून जायला लागले. त्यातल्या एका साहेबांच्या भाड्याच्या बंगल्यात बाबा दारं-खिडक्या नीट करून द्यायला जायचे. रेल्वेच्या कारखान्यातून फिटर म्हणून निवृत्त झालेला माणूस, घरी बसवत नव्हतं. त्या साहेबांनी हौसेनं परदेशातून नावेचा संच मागवला होता. पेटी उघडायच्या आतच त्यांची बदली झाली. "ले जाओ मिस्त्रीजी, मेरे बस की नहीं," म्हणाले. फिटरला मिस्त्री म्हटलेलं बाबांना झोंबलं, पण पेटी मात्र घेऊन आले.

पेटीत नंबर टाकलेले प्लायवूडचे तुकडे होते. प्रत्येकाच्या काठाला बारीक भोकं पाडलेली. तांब्याच्या तारेचं वेटोळं, काचेच्या कापडाच्या पट्ट्या, गोंदाचे दोन डबे, आणि एक इंग्रजी पुस्तक. तुकडे तारेनं एकमेकांना टाचायचे, सांध्यात आतून-बाहेरून गोंद भरायचा, वर पट्टी बसवायची. दोन डब्यांतला माल एकत्र केला की थोड्या वेळात त्याचा दगड होतो. एवढं बाबांना चित्रं पाहून कळलं. बाकीच्यासाठी त्यांना मी लागत होते, आणि त्यांचं खरं दुखणं तेच होतं.

मी तेव्हा एकोणीस वर्षांची. घरात इंग्रजी वाचणारी एकटी. नागपूरच्या एका दवाखान्याच्या नर्सिंगच्या कोर्सला माझा नंबर लागला होता. फॉर्मवर वडिलांची सही तेवढी हवी होती. बाबा म्हणत, "पोट्टी एकटी नागपूरले जाऊन लोकांचे गू-मूत काढीन काय? काहून? घरी खायले नाही का?" मनातून त्यांनी माझ्यासाठी दुर्गचा एक मुलगा पाहून ठेवला होता. त्याला मी पाहिलं होतं. बोलताना स्वतःच्या आईकडे बघून बोलायचा. मला त्या घरात जायचं नव्हतं, आणि बाबांच्याही घरात राहायचं नव्हतं. ती सही म्हणजे माझं सगळं आयुष्य होतं, हे मी आज शहाणपणानं म्हणत नाही, तेव्हाही मला ते पक्कं माहीत होतं.

एके दिवशी कारखान्यातले जुने सोबती नावेची पेटी बघायला आले होते. चहा देता देता मी सगळ्यांसमोर फॉर्मचं विचारलं. मुद्दामच विचारलं. बाबा चारचौघांत नाही म्हणायचे नाहीत. म्हणाले, "नाव पाण्यात उतरू दे. त्या दिवशी करतो सही." सोबत्यांनी मान डोलावली. फॉर्म पोचवायची शेवटची तारीख दसऱ्यानंतर दहा-बारा दिवसांनी होती. मी मनातल्या मनात दिवस मोजायला लागले.

मग माझी रोजची हजेरी सुरू झाली. मागच्या आंगणात बाबा उकिडवे बसायचे, मी पुस्तक घेऊन उभी. त्यांचा नियम एकच: "विचारलं तेवढंच वाच." अर्थ सांगायला गेले की, "मास्तरीण झाली मोठी!" एखादा शब्द अडला की त्यांच्या हातातली लाकडी पट्टी माझ्या पोटरीवर बसायची. लागायची नाही फारशी. शेजारच्या गच्चीवरून बायका बघत असायच्या, ते लागायचं. तारा ओढून ओढून माझ्या बोटांची सालं निघाली. त्यांचीही निघाली होती, पण त्यांना ती दाखवायला आवडायची. काम मात्र अप्रतिम करायचे. दोन तुकडे असे जुळवायचे की मधे कागद जाणार नाही. हे मान्य करताना आजही माझं तोंड कडू होतं, पण खोटं काहून बोलू.

आई या सगळ्यात कुठे होती? स्वयंपाकघरात. तिला त्या नावेबद्दल कुणी काही विचारलं नव्हतं. तीस वर्षांच्या संसारात विचारलं नव्हतं तर आता कोण विचारणार? पण खंडेनवमीच्या दिवशी तिचा नंबर आला. त्या दिवशी अवजारांची पूजा, मग दिवसभर त्यांना हात लावायचा नाही. कारखान्यात बाबांनी जन्मभर पाळलं, घरीही पाळत. नाव तोवर तारांनी टाचून उभी राहिली होती, गोंद तेवढा भरायचा बाकी. हातोडी, रंधा, पाने सगळं त्यांनी नावेपुढे मांडलं आणि आईला हाक मारली. "अवो, तुह्या बापाच्या घरी करत तशी पूजा कर हिची. कमी काही करू नको."

आईचं माहेर आर्वीकडचं, शेतीचं. तिथे नवमीला वखर-तिफणीला नुसतं हळदकुंकू लावून भागत नसे. लाकडाला जवसाचं तेल पाजायचे, सांध्या-सांध्यात, लाकूड पिईल तितकं. कुणी कधी नव्हे ते तिच्या बापाच्या घराची रीत मागितली होती. तिनं नवी वाटी काढली. जवसाचं तेल कोमट केलं. आणि नावेत वाकून, बोटानं, एकही जोड न सोडता, बुडाच्या आतल्या सगळ्या सांध्यांत तेल सोडलं. तेल झिरपून खालच्या बाजूनं निथळलं, तर तिनं खालूनही हात फिरवला. बाबा खुर्चीवर बसून कौतुकानं बघत होते. एवढ्या आनंदानं काम करताना मी तिला आधी पाहिलं नव्हतं. गुणगुणत होती बाप्पा!

आणि मी पुस्तक घेऊन दारात उभी होते. गोंदाचं पान मी आदल्या दिवशीच वाचून ठेवलं होतं. उद्या अडले तर पट्टी नको म्हणून. त्या पानावर तेलाच्या कुपीचं चित्र होतं आणि चित्रावर काट मारलेली. शेजारी लिहिलं होतं की जोड कोरडा हवा, तेलाचं बोटसुद्धा लागता कामा नये, लागलं तर गोंद धरत नाही. लाकूड घासून काढा, धुवा, पूर्ण सुकू द्या. मी त्या पानाचा कोपरा दुमडून ठेवला होता.

सांगायला तोंड उघडलंही. पण आधी हिशेब डोक्यात आला. तारा सोडायच्या, सगळे तुकडे घासायचे, धुवायचे, सुकवायचे, पुन्हा टाचायचे. तारीख निघून जाणार. शिवाय बाबा आईवर हात उचलणार ते वेगळंच. हे दुसरं कारण मी पुढे कित्येक वर्षं पहिलं म्हणून सांगत आले, स्वतःलासुद्धा. खरं ते नव्हतं. मला माझी सही हवी होती. मी तोंड मिटलं आणि आईनं पुढे केलेला प्रसाद खाल्ला.

दसऱ्याला सोनं वाटून झाल्यावर बाबांनी गोंद भरला. मी त्यांना मापं वाचून दाखवली, दोन भाग हे, एक भाग ते. सांध्याचं त्यांनी विचारलं नाही, मी वाचलं नाही. विचारलं तेवढंच वाचायचं, असा नियमच होता ना! गोंद वाळून दगड झाला, पट्ट्या बसल्या, तारा काढल्या, निळा रंग लागला. वरून बघणाऱ्याला दोष सापडला नसता. मला रोज स्वप्नात ती उघडी पडलेली दिसायची आणि रोज सकाळी ती मिटलेली असायची. मग मला वाटायला लागलं, इंग्रज लोक उगाच बाऊ करतात, जवसाच्या तेलानं काय होतं!

रविवारी सकाळी ठेल्यावर नाव चढवली. निघण्याआधी बाबांनी आपणहून फॉर्म मागितला. नावेच्या फळीवर ठेवून, सोबत्यांना दाखवत, सावकाश सही केली. "माह्या जबानीचा पक्का आहे मी." मी फॉर्म घडी करून बॅगेत टाकला आणि बॅग छातीशी धरली. सही झाली होती. आता बोलायला काय हरकत होती? हरकत ही होती की फाडायला कितीसा वेळ लागतो. तात्यापाऱ्यापासून बुढा तलावापर्यंत मी ठेल्यामागून चालत गेले.

तलावावर पाऱ्यातली झाडून सारी माणसं. "डोंगा आ गे, डोंगा!" म्हणत पोरं नाचत होती. बाबांनी नारळ फोडला आणि आईला म्हणाले, "चाल, पहिला मान तुहा." आईनं ठेवणीतली जरीची नेसली होती. ती हळूच म्हणाली, "मले पोहता येत नाही हो." बाबा सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "नाव आहे. तुले पोहाले कोण सांगून राहिलं?" लोक हसले. तीही हसली, आणि बसली. बसताना तिनं माझ्याकडे पाहिलं, खुशीनं. मी बॅगेचा पट्टा घट्ट धरला.

काठापासून नाव छान निघाली. बाबांनी वल्ह्याचे दहा-बारा हात मारले असतील. मग कापड फाटल्यासारखा आवाज झाला, मोठा नाही. बुडाची पट्टी एका टोकापासून सरळ निघत गेली. आई ओरडली नाही. तिनं आधी पदर वर घेतला, भिजू नये म्हणून. मग नाव बाजूला कलली आणि ती पाण्यात गेली. काठावर अजून हशा चालू होता, लोकांना गंमतच वाटत होती. बाबांना पोहता येत होतं. त्यांनी नाव धरली. मी डोळ्यांनी पाहिलंय, दोन्ही हातांनी नाव धरली. आईला एका केवटानं केसांना धरून वर काढलं, तो शेजारीच आपल्या डोंग्यातून जाळं धूत होता.

काठावर ती चिखल ओकत पडली होती. बाबांनी नाव ओढून आणली, उलटी केली, सुटलेल्या सांध्यावरून बोट फिरवलं आणि बोट नाकाशी नेलं. तेल. त्यांच्या चेहऱ्यावर जे सुटल्यासारखं दिसलं ते मी विसरणार नाही. चूक त्यांच्या हाताची नव्हती. ते माझ्याकडे वळले. "पुस्तकात आहे का काही तेलाचं?"

सगळे ऐकत होते. नाही म्हणाले असते तर चाललं असतं. मला माहीत होतं असंही म्हणता आलं असतं. मी म्हणाले, "आहे. तेल लावायचं नाही असं लिहिलं आहे. पण ते पान आपण वाचलंच नव्हतं."

बाबांनी आईच्या कानशिलात लगावली. ओली, चिखलानं भरलेली बाई, अजून नीट श्वास घेता येत नव्हता तिला. "हिनं बुडवली! तीस वर्षं झाली, जिथे हात लावते तिथे मातेरं!" लोकांना आता हसावं की नाही कळेना. कुणी मधे पडलं नाही. मीही नाही. पूजा तुम्हीच करायला लावली होती, एवढं तरी मी म्हणायला हवं होतं. मी बॅग छातीशी धरून उभी राहिले. मला स्वतःची किळस आली, आणि त्या किळसेच्या आतही फॉर्म भिजला नाही याचा आनंद होता.

बाबांनी फॉर्म फाडला नाही. चारचौघांत केलेली सही होती. "जा, तोंड काळं कर," एवढंच म्हणाले आणि नाव फोडून तिच्या फळ्या बंबात घातल्या. आईचा डावा कान त्या दिवसापासून बसला. पाणी गेलं असेल, असं ती सगळ्यांना सांगायची. नर्स झाल्यावर मी असे कान पुष्कळ पाहिले. ते पाण्यानं होत नाही.

स्टेशनवर मला पोचवायला ती एकटीच आली. गाडी लागलेली होती, मी खिडकीत बसले होते. तिनं कापडात बांधलेली लोणच्याची बरणी आत दिली आणि मग सहज बोलावं तसं म्हणाली, "ते पुस्तक मी बंबात घातलं. एका पानावर तेलाच्या कुपीचं चित्र होतं, त्याच्यावर काट. मले इंग्रजी येत नाही, पण काट समजते. त्या पानाचा कोपरा दुमडलेला होता. म्हणलं, तुह्या बापाच्या हाती नको लागाले."

सगळं कबूल करायला एवढी चांगली जागा मला पुन्हा मिळणार नव्हती. मी म्हणाले, "कोणतं पान?"

मागच्या रुळावरून मालगाडी चालली होती. आईनं मान वळवली आणि उजवा कान खिडकीच्या गजांना लावला. "काय म्हणली? या कानात सांग."

मी वाकले, तिच्या चांगल्या कानाशी तोंड नेलं आणि मोठ्यानं, स्वच्छ म्हणाले, "कोणतं पान, आई?"

तिनं ऐकलं. मान हलवली. "काही नाही," म्हणाली. "बरणी सरळ धर. तेल सांडीन."