मालकाच्या टिप्परची सतरा दुखणी

चाकणहून तळेगावकडे जाणाऱ्या रस्त्यावर, आतल्या बाजूला, ट्रकच्या एका गॅरेजमध्ये मी गेली सहा वर्षं कामाला आहे. त्याआधी एका कंपनीत गाड्यांच्या वायरिंगची तपासणी करत होते. तो विभाग बंद झाला तेव्हा ऑटोमोबाइलचा डिप्लोमा कपाटात ठेवून मी महिनाभर दापोडीच्या घरी बसले, आणि मग इथे आले. गॅरेजमध्ये माझं काम म्हणजे सुटे भाग मागवणं, गिऱ्हाइकांना समजावणं आणि भांडणं सोडवणं. भांडणं मुख्यतः दोनच माणसांत व्हायची, मालक आणि मिस्त्री.

मालक गावचे जुने शेतकरी. बरीचशी जमीन कंपन्यांच्या शेडखाली गेली, उरलेल्या तुकड्यावर त्यांनी हे गॅरेज काढलं. स्वतःचा एक टिप्पर होता, नवा, एसी केबिनचा. घरातल्या माणसांपेक्षा त्यांचा जीव त्या टिप्परवर जास्त होता. मिस्त्री लातूरकडचे. इंजिनाला स्क्रू-ड्रायव्हरचं टोक लावायचं, मूठ कानाला लावायची आणि कोणता भाग कुरकुरतोय ते सांगायचं, अशी त्यांची रीत. दहातल्या नऊ वेळा बरोबर निघायचं. दहावी वेळ आली की मिस्त्री म्हणायचे, डिझेल खराब आहे.

नव्या ट्रकांनी ही रीत मोडली. एक बारा टायरचा ट्रक आला, डॅशबोर्डवर पिवळा दिवा पेटलेला आणि चाळीसच्या वर वेग घेईना. मिस्त्रींनी तीन दिवस ऐकलं. फिल्टर बदलले, पाइप खोलले, टाकी धुतली. चौथ्या दिवशी भोसरीहून एक माणूस स्कॅनर घेऊन आला, डॅशबोर्डखाली वायर जोडली, दहा मिनिटांत सांगितलं की सायलेन्सरवरच्या सेन्सरची पिन ढिली आहे. पिन दाबली, दिवा गेला, ट्रक गेला.

मालक बराच वेळ फाटकाशी उभे होते. मग माझ्याकडे येऊन म्हणाले, "पोरी, आपल्यालाबी तसलं मशीन पायजे. भोसरीचा माणूस आपल्या दारात येऊन शानपना शिकवतो, हे काय बरं न्हाई."

"मालक, मशीनला कान असतेत का?" मिस्त्री गाडीखालून म्हणाले.

"तुमचे कान तीन दिस ऐकतच ऱ्हायले होते की," मालक म्हणाले.

गाडीखालून पान्याची खडखड जोरात सुरू झाली.

निवडायचं काम माझ्याकडे आलं. मी एका वहीच्या पानावर प्रश्न काढले. किती कंपन्यांच्या गाड्या वाचतं? नुसता फॉल्ट दाखवतं, की सायलेन्सरमधली काजळी जाळायचा हुकूमही इंजिनाला देऊ शकतं? डिझेल फवारणारा नवीन इंजेक्टर बसवला तर त्याचा नंबर गाडीला शिकवतं का? दरवर्षीच्या अपडेटचं काय? बिघडलं तर माणूस कुठून येणार? तीन विक्रेत्यांना वेगवेगळ्या दिवशी बोलावलं आणि ठरवलं की तिन्ही मशीन एकाच गाडीला लावायची, म्हणजे तुलना नीट होईल.

"माझा टिप्पर घ्या," मालक म्हणाले. "त्यात कायबी दुखणं न्हाई. जे मशीन खोटं बोलंल ते लगेच कळंल."

मला ते पटलं. मिस्त्रींनाही पटलेलं दिसलं, जरा जास्तच.

पहिला विक्रेता निगडीहून आला. इस्त्रीचा शर्ट, गळ्यात कार्ड, हातात टॅब्लेट. मालकांनी टॅब्लेट हातात घेऊन भोपळा जोखावा तसा वरखाली केला.

"हलकं हाय," ते म्हणाले.

"सर, हलकं म्हणजे नवीन टेक्नॉलॉजी."

"असंल. पण हलकंच हाय."

विक्रेत्याने मशीन जोडलं. पट्टी भरत गेली आणि स्क्रीनवर तांबड्या ओळींची रांग लागली. मी मोजल्या. सतरा.

मालकांचा चेहरा बघवेना. सहा महिन्यांपूर्वी पेढे वाटून आणलेली गाडी. ते टिप्परच्या बोनेटवर हात ठेवून उभे राहिले, दवाखान्यात माणसाच्या कपाळावर ठेवतात तसा. "सतरा? काय काय झालंय तिला?"

"काळजी करू नका सर," विक्रेता म्हणाला आणि त्याने एक बटण दाबलं. "बघा, झाले शून्य."

आता मालक खरोखर चिडले. "मघाशी सतरा, आता शून्य. मंग दुखणं गेलं कुठं? तुमी बरं केलं का पाटी पुसली?"

मी मध्ये पडले. सांगितलं की बॅटरी कधी काढली, वायर कधी हलली, असल्या जुन्या गोष्टी गाडी लक्षात ठेवते. त्या पुसता येतात. खरा बिघाड असेल तर गाडी चालू केल्यावर तो परत उगवेल. मग गाडी चालू केली. सोळा ओळी गेल्या त्या गेल्याच, एक मात्र परत आली. टर्बोजवळच्या एका सेन्सरचा संपर्क तुटला आहे.

मी खाली वाकून बघितलं. सेन्सरचा कनेक्टर कुणीतरी हाताने काढून नीट बाजूला बांधून ठेवला होता. गाठ मिस्त्रींची होती. अख्ख्या चाकणमध्ये तशी गाठ दुसरं कुणी मारत नाही.

"मिस्त्री?" मी हळूच विचारलं.

"परीक्षा घ्यायला नको का?" ते म्हणाले. "मशीन पास झालं. बघू, कुठं लिहिलंय ते?" त्यांनी टॅब्लेट घेतला, उन्हाकडे पाठ केली, सावलीत गेले, परत उन्हात आले. "छ्या. स्क्रीन चमकायलीय. काय कामाचं नाही."

दुसरा विक्रेता दोन दिवसांनी आला. त्याच्याकडे लॅपटॉप आणि एक छोटा डबा. एकाच कंपनीच्या ट्रकसाठी होतं, पण खोल जायचं. एकेका इंजेक्टरची नाडी दाखवायचं, मी तर बघतच राहिले. अडचण एवढीच की त्याला सतत इंटरनेट लागायचं, आणि आमच्या आवारात पत्र्याच्या शेडमुळे रेंज यायची ती फक्त मागच्या पाण्याच्या टाकीवर. तो बिचारा बूट काढून शिडीने टाकीवर चढला, मोबाइल डोक्यावर धरून उभा राहिला आणि तिथूनच मला सूचना देऊ लागला. "मॅडम, आता डावीकडचं बटण. लोड होतंय का?" मी खालून ओरडायचे, "फिरतंय अजून." तो हात आणखी उंच करायचा.

मालक सावलीत खुर्ची टाकून हे बघत होते. "मिस्त्री," ते म्हणाले, "मशीन घेतलं की टाकीवर कोण चढणार?"

"मी नाही," मिस्त्री म्हणाले. "आन् तसंबी त्याच्यात इंग्रजी लई हाय."

मला हे खटकलं. मिस्त्री सुट्या भागांच्या खोक्यांवरचं इंग्रजी आयुष्यभर वाचत आलेले. टॅब्लेट चमकतो, लॅपटॉपमध्ये इंग्रजी जास्त. मला वाटलं, यांना मशीनच नको आहे. आता आपल्या हाताला किंमत राहणार नाही, ही भीती असेल. त्या संध्याकाळी घरी जाताना मला त्यांचं वाईटही वाटलं आणि रागही आला.

तिसरा विक्रेता वयाने मिस्त्रींएवढा. नखांत जुनं काळं तेल, म्हणजे हा माणूस आधी मेकॅनिक असणार हे कळत होतं. त्याचं मशीन जाड रबराच्या आवरणातलं, विटेसारखं. मालकांनी हातात घेतलं आणि पहिल्यांदा त्यांच्या तोंडावर समाधान दिसलं. "ह्याला वजन हाय."

मशीन जोडलं. मिस्त्रींनी परत कोणता तरी कनेक्टर काढून ठेवला होता, तो मशीनने लगेच पकडला. माझ्या पानावरच्या प्रश्नांना विक्रेत्याने एकेक करून उत्तरं दिली. बऱ्याच कंपन्यांच्या गाड्या चालतात, सगळ्या नाही. कोणत्या नाहीत तेही त्याने सांगितलं, त्यामुळे माझा विश्वास बसला. मग त्याने मशीन मिस्त्रींच्या हातात दिलं. "भाऊ, तुम्हीच वाचा आता."

मिस्त्रींनी मशीन धरलं. हात लांब केले. आणखी लांब केले. मान मागे नेली. हात संपले. मग त्यांनी ते माझ्यापुढे धरलं. "ताई, तुमीच वाचा. माझे हात तेलाचे हायत."

हात त्यांनी आत्ताच साबणाने धुतले होते, बोटं अजून ओली होती. आणि तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. यांना अक्षरं दिसतच नाहीत. किती वर्षं दिसत नसतील कोण जाणे. खोक्यावरचं नाव तर अलीकडे मीच वाचून दाखवायचे, ते नुसतं "हाव, तेच" म्हणायचे.

विक्रेत्याने खिशातला चष्मा काढून पुढे केला. "माझा लावून बघा. मी आठ वर्षं टाळला. एकदा उलटा गॅस्केट बसवला तेव्हा घेतला."

मिस्त्रींनी आमच्याकडे पाठ करून चष्मा लावला. मग ते मोठ्याने वाचू लागले, पहिलीतल्या पोरासारखं, बोट ठेवून. इंजिनाचं तापमान. तेलाचा दाब. बॅटरी चोवीस व्होल्ट. स्क्रीन सरकवायची कशी तेही सापडलं, मग तर थांबेचनात. एकूण किलोमीटर. एकूण तास. "गाडी जागेवर उभी, इंजिन चालू," त्यांनी वाचलं आणि पुढचा आकडा वाचून चष्म्यावरून वर बघितलं. "मालक, हे लई तास हायत. निम्मं आयुष्य उभ्या उभ्याच चाललंय हिचं."

मालक खुर्चीतून उठले. गेले दोन महिने त्यांचा संशय होता की टिप्परचा ड्रायव्हर डिझेल खातो. टाकीला त्यांनी कुलूप लावलं होतं आणि किल्ली करगोट्याला. "बघा. म्हणलो न्हवतो? गाडी चालू ठिवून झोपतो. बोलवा त्याला."

ड्रायव्हर पलीकडे टायर धूत होता. चाळिशीचा, अबोल माणूस, थेरगावात राहायचा. तो आला, ऐकून घेतलं आणि म्हणाला, "मालक, दुपारी एक ते तीन मी मेसवर जेवायला जातो. गाडी तुमच्या घरासमोर लावून. चावी तुमच्याकडं असते."

मालकांनी टिप्परकडे बघितलं, मग आभाळाकडे.

"मी एसी बघतो कदीमदी," ते म्हणाले. "चालतो का न्हाई."

"दोन तास?" मिस्त्री म्हणाले. चष्मा अजून नाकावरच होता.

"घरात चार नातवंडं हायत," मालक एकदम म्हणाले. "दुपारी डोळा लागू देत न्हाईत. मालकीणबाईंची टीव्हीवरची मालिका येगळीच. त्या केबिनमधी कसं गार, शांत वाटतं. आता काय फाशी देताय का?"

पहिला हसला तो ड्रायव्हर. दोन महिन्यांत मी त्याला हसताना बघितलं नव्हतं. मग आम्ही सगळेच हसलो, विक्रेतासुद्धा. मालक हसले नाहीत. त्यांनी करगोट्याची किल्ली सोडवली, ड्रायव्हरच्या हातात दिली आणि म्हणाले, "कुलूप काढून टाक. गंजतंय उगा." मग स्वतः जाऊन सगळ्यांचा चहा सांगून आले. ड्रायव्हरच्या हातात कप त्यांनी स्वतः दिला. माफी म्हणून त्यांच्याकडून एवढंच होणार होतं, आणि ड्रायव्हरला ते कळलं असावं.

मशीन आम्ही तेच घेतलं. माझी कारणं माझ्या पानावर होती. मालकांचं कारण वजन. मिस्त्री म्हणाले, "अक्षर बरं हाय." रविवारी ते चिंचवडला जाऊन चष्मा घेऊन आले, आणि सोमवारी मला म्हणाले, "ताई, आपल्या भिंतीला येवढे तडे कवापास्नं गेलेत?"

मशीन आल्यावर त्यांची किंमत कमी होईल ही माझी कल्पना साफ चुकली. मशीन फॉल्ट सांगायचं, पण तो का आला ते सांगायचं नाही. उंदराने वायर खाल्ली की धुताना पाणी शिरलं, ते मिस्त्रीच शोधायचे. महिनाभरात ते मशीन कुणाला हात लावू देईनासे झाले. जेवतानासुद्धा शेजारी ठेवायचे.

दसऱ्याला गॅरेजमधल्या सगळ्या हत्यारांची पूजा असते. मी त्या दिवशी नसते. दापोडीच्या विहारात सकाळी वंदना, मग आईच्या मैत्रिणींचा गोतावळा. पांढरी साडी नेसून मी खिरीच्या पातेल्यापाशी उभी होते, तेव्हा मिस्त्रींचा फोन आला. आवाज पार खाली गेलेला.

"ताई, मशीन चिनीत बोलायलंय."

"काय केलंत?"

"काय नाही. हळदकुंकू लावलं. फूल ठिवलं. फुलावर थोडं पाणी होतं."

ओल्या झेंडूने स्क्रीनवरची बटणं दाबत दाबत भाषाच बदलली होती. "खीर जरा ढवळा," म्हणून मी पातेलं शेजारणीकडे दिलं, जिन्यात जाऊन बसले आणि अर्धा तास फोनवर वाट दाखवत राहिले. "चाकासारखं चित्र दिसतंय का? ते दाबा. आता पृथ्वीचा गोळा." मागून मालक सांगत होते, "व्हय, व्हय, तोच. न्हाई, त्यो न्हवं." ड्रायव्हरही काहीतरी सुचवत होता. तिघं मिळून एकदा फ्रेंचमध्ये जाऊन आले, एकदा बहुतेक रशियनमध्ये, कारण मिस्त्री म्हणाले की अक्षरं उलटी बसवलीत.

शेवटी इंग्रजी सापडलं. मिस्त्रींनी मला पहिली ओळ मोठ्याने वाचून दाखवली, चूक नको म्हणून परत एकदा वाचली आणि म्हणाले, "झालं ताई. जावा आता तुमी, खीर करपंल."