नवमीच्या दिवशी चढलेलं पाणी

मी सासऱ्यांच्या हाताला चावले, तेव्हा पाणी माझ्या मांड्यांपर्यंत आलं होतं.

चावले म्हणजे दात रुतवले. तोंडात रक्ताची चव आली. त्यांच्या खांद्यावर माझी चार वर्षांची मुलगी बसली होती आणि त्यांनी तिचे दोन्ही पाय घोट्यापाशी धरून ठेवले होते. ते सोडत नव्हते. आम्ही तिघं ओढ्याच्या मधोमध एका खडकावर उभे होतो. पाठीमागे धबधबा, दोन्ही अंगांनी लाल पाणी, आणि काठावरून माझा नवरा ओरडत होता. काय ओरडत होता ते ऐकू येत नव्हतं. पोरगी काठावर गेली पाहिजे, एवढंच माझ्या डोक्यात होतं. ती आपल्या खांद्यावरच राहिली पाहिजे, एवढंच सासऱ्यांच्या डोक्यात होतं.

आम्ही मिठागरातली माणसं. पनवेलच्या खाडीकाठी आमचं घर. सासू मी लग्न होऊन यायच्या आधीच गेलेली, त्यामुळे घरात पाचच माणसं: सासरे, नवरा, पंधरा वर्षांची नणंद, मी आणि मुलगी. सासरे मिठागरात मोठे जाणते समजले जात. किती वाजता किती पाणी येणार, कुठला बांध फुटणार, हे ते तिथी बघून सांगत आणि ते खरं होई. नवरा मात्र मिठात उतरला नाही. तो भाताच्या गिरणीवर कामाला होता.

खंडेनवमीला गिरणी बंद असे. त्या दिवशी हत्यारं, अवजारं पुजायची, चालवायची नाहीत. नवऱ्यानं आधीच ठरवून ठेवलं होतं की या वर्षी डोंगरातला धबधबा बघायला जायचं. बाजारपेठेतले लोक जाऊन येत आणि गिरणीत बसून सांगत. नणंदेनंही हट्ट धरला. सासरे म्हणाले, "पानी बगायला चालत जायचा? दारात खाडी हाय ती दिसत नाय?" पण नात म्हणाली, आजा चल, तर लगेच पायात वहाणा घातल्या.

निघताना नवऱ्यानं विचारलं, "दोर घेऊ का बरोबर? चढ हाय."

दोर, कोयता, फावडी, सगळं देवापुढं मांडून हळदकुंकू वाहिलेलं होतं. सासरे म्हणाले, "पुजलेला हत्यार आज उचलतात? का धबधबा बांधून आणायचा हाय घरी?"

सगळे हसलो. मीही हसले, पदरात तोंड घालून.

तीन तास चाललो. भात पिकायला आलं होतं. डोंगराच्या पायथ्याशी गवत छातीएवढं आणि त्याला पिवळेपणा चढलेला. पाऊस आठ दिवसांपूर्वी थांबला होता. पोरगी सगळी वाट आज्याच्या खांद्यावर होती. ते थकले नाहीत. डोक्यावर मिठाच्या पाट्या वाहिलेला माणूस, त्याला चार वर्षांच्या पोरीचं काय ओझं?

धबधबा बरा होता. लोक सांगत होते तेवढा काही नव्हता. वरून पाणी पडायचं, खाली डोह, आणि डोहाच्या पुढे ओढ्यात एक मोठा सपाट खडक. घोटाभर पाण्यातून चालत त्याच्यावर जाता येत होतं. आम्ही तिथेच भाकऱ्या सोडल्या. नवरात्र म्हणून सुकी मासळी नव्हती, नुसती लसणाची चटणी आणि चवळी. त्यावरून सासरे जरा कुरकुरले. जेवण झाल्यावर नणंद भांडी घासायला काठावर गेली, चटणीचा जड दगडी खल तेवढा खडकावर राहिला. नवरा तिथेच झाडाखाली आडवा झाला. पोरगी आज्याला सोडेना. आणि सासरे बसलेले असताना सुनेनं आपलं उठून जायचं, हे तेव्हा बरं दिसत नसे. म्हणून मी खडकावर राहिले.

ऊन होतं. पण वर डोंगराच्या माथ्यावर काळं झालं होतं आणि मधून गुरगुर ऐकू येत होती.

तेवढ्यात काठानं डोंगरातली एक ठाकरीण आली. डोक्यावर गवताचा भारा. आम्हांला बघून थांबली आणि ओरडली, "ओ बाबा, उठा तिथून. वर पाऊस लागलाय. पाणी येईल."

सासरे हसले. "बाय, आमी पान्यातच जन्मलो. आमाला पानी शिकवतेस?"

"तुमचं पाणी खारं," ती म्हणाली. "त्याला वेळ असते. ह्याला वेळ नसते."

"आज नवमी हाय. भांगाचा पानी. कुठं चढतोय?"

हे सांगायला हवं. अमावस्येला आणि पुनवेला खाडीला उधाण येतं, पाणी खूप चढतं. अष्टमी-नवमीला ते फार चढत नाही आणि फार उतरतही नाही. त्याला भांग म्हणतात. सासऱ्यांचं सगळं आयुष्य या हिशेबावर गेलं होतं. डोंगरातल्या पाण्याला तिथी नसते, हे त्यांना कुणी सांगितलं नव्हतं. मलाही नव्हतं. मीसुद्धा मनात म्हटलं, नवमी तर आहे.

ठाकरीण गेली नाही. भारा खाली टाकून काठावर उभी राहिली. बहुतेक या येड्यांचं काय होतंय ते बघायला.

पहिल्यांदा पाण्याचा रंग बदलला. मग पानं आणि काटक्या वाहत आल्या. खडक आणि काठ यांच्यामधे घोटाभर पाणी होतं ते पोटरीएवढं झालं.

मी सासऱ्यांशी थेट बोलत नसे. लग्नाला सहा वर्षं झाली होती, पण एक शब्द नाही. त्या काळी आमच्याकडे तसंच होतं. बोलायचं ते मुलाच्या तोंडून. मी पोरीला म्हटलं, "बाय, आज्याला सांग, पाणी वाढतंय. काठावर चला म्हनाव."

पोरगी म्हणाली, "आजा, आय म्हनते काठावर चल."

"तुज्या आयला सांग, गुडग्याच्या वर चढायचा नाय."

"आय, गुडग्याच्या वर चढायचा नाय."

"त्यांना सांग, गढूळ झालंय."

"आजा, गढूळ झालंय."

असं चाललं होतं. आज आठवलं की मला माझीच चीड येते. तेव्हा हात धरून ओढलं असतं तर गुडघाभर पाण्यातून सरळ चालत गेलो असतो. पण मी पोरीच्या तोंडून बोलत बसले आणि पाणी गुडघ्याच्या वर चढलं.

मग आवाज आला. धबधब्याचा आवाज असतो तसा नव्हे. जमीन घासत काहीतरी येतंय असा. धबधबा एकदम दुप्पट रुंद झाला, लाल झाला, आणि पाणी आमच्या खडकावर चढलं. खडक आणि काठ यांच्यामधलं पाणी इतकं जोरात धावायला लागलं की त्यात पाय टाकायची सोय राहिली नाही. नवरा जागा होऊन काठाशी आला होता. त्यानं एक पाऊल टाकलं आणि ठाकरणीनं त्याला मागे खेचलं.

सासऱ्यांनी नातीला खांद्यावर घेतलं, तिचे पाय धरले, पाय फाकवून उभे राहिले.

"हलू नका," ते म्हणाले. ते माझ्याशी बोलले, थेट. "बांध फुटला तर उंचवट्यावर उभा ऱ्हायचा. जो पान्यात पळतो तो मरतो. चढलेला पानी उतरतो."

मिठागरात ते खरं असेल. पण मी त्यांच्यापेक्षा दीड वीत बुटकी होते. त्यांना मांडीला लागलेलं पाणी मला कमरेला लागणार होतं आणि मग छातीला. मी गेले तर पोरगी त्यांच्याकडेच राहणार, आणि त्यांचा पाय सरकला तर दोघं जाणार. मी एवढाच विचार केला. नीट केला की नाही, ते आज सांगता येत नाही.

मी म्हटलं, "मामा, पोर द्या."

"नाय."

"पोर द्या मामा. तुमची अक्कल खाडीत ऱ्हायली."

असं मी सासऱ्याला बोलले. त्यांनी मान हलवली आणि पकड आणखी घट्ट केली. मग मी चावले.

एक हात सुटला. मी पोरीला खाली ओढली, डाव्या काखेत धरली आणि उजव्या हातानं लुगडं सोडलं. नऊवारी म्हणजे अठरा हात. काठ दहा-बारा हातांवर होता. आमच्याकडे तेव्हा लुगड्याच्या आत काही नेसत नसत. अंगावर चोळी राहिली, बाकी काही नाही. सासऱ्यांनी तोंड फिरवलं. पण गाठ मारायला मी पोरगी परत त्यांच्याकडे दिली, ती दोन्ही हातांनी धरून ठेवली, तेवढ्यात मी लुगड्याचं एक टोक माझ्या कमरेला बांधलं. दुसऱ्या टोकात पायाशी पडलेला चटणीचा दगडी खल बांधला आणि फेकला. पहिल्यांदा पाण्यात पडला. ओढून घेतला, परत फेकला. ठाकरणीनं झेलला. तिनं त्या टोकाचे झाडाच्या बुंध्याला दोन वेढे घेतले आणि नणंदेला म्हणाली, "धर गं, सोडलंस तर तुझी भावजय गेली."

नणंद रडत होती, पण तिनं धरलं.

नवरा लुगड्याला धरून पाण्यात उतरला. छातीएवढ्या पाण्यात, एकेक पाऊल चाचपत खडकाशी आला. मी सासऱ्यांकडून पोरगी घेतली आणि त्याच्या मानेला लावली. तो म्हणाला, "तू थांब. हिला देऊन येतो."

मी म्हटलं, "लवकर ये."

एवढंच बोलणं झालं. तो गेला, पोरगी ठाकरणीच्या हातात दिली आणि परत फिरला. त्यानं तेव्हा स्वतःला काही बांधलं नाही. बांधायला काही नव्हतं. धोतर सोडून बांधायला वेळ होता का? असेल. कुणाला सुचलं नाही.

मी खडकावरून उतरले. पाय लागलेच नाहीत. लुगड्याला लोंबकळत होते. अर्ध्यावर त्यानं माझा दंड धरला आणि मला काठाकडे लोटलं. तेव्हा वरून झाडाचं खोड आलं. ते मला लागलं नाही. त्याच्या पाठीत लागलं. माझ्या दंडावरची बोटं सुटली. मी मागे बघितलं तेव्हा तो खडकाच्या पलीकडे होता, नुसतं डोकं दिसलं, आणि मग वळणावर ते पण दिसलं नाही.

मला ओढून काढलं. ठाकरणीनं आपल्या अंगावरचं फडकं मला गुंडाळायला दिलं. पोरगी विचारत होती, बाबा कुठं गेला. नणंद ओढ्याच्या कडेनं हाका मारत पळाली आणि थोड्या वेळानं एकटीच परत आली.

सासरे खडकावर उभे होते. मुलगा समोरून वाहून गेलेला त्यांनी बघितला होता. त्यांनी पाण्यात उडी मारली नाही. पाणी त्यांच्या छातीपर्यंत चढलं, तिथं थांबलं. ते तसेच, पाय फाकवून. ऊन कलायच्या आत पाणी उतरायला लागलं, जितक्या झटपट चढलं होतं तितक्याच झटपट. मांडीपर्यंत आल्यावर ते चालत काठावर आले. नातीला उचलायला हात पुढं केले आणि मग माझ्याकडे बघून मागे घेतले. हातावर माझे दात उमटलेले होते.

नवरा दुसऱ्या दिवशी सापडला, खाली एका गावाच्या बंधाऱ्यापाशी. दसरा होता. ठाकरांनी त्याला उचलून आणलं.

लोकांनी मला पुष्कळदा विचारलं. तोंडावर विचारलं, पाठीमागेही बोलले. पोरगी आज्याच्या खांद्यावर राहिली असती तर? राहिली असती जिवंत, बहुधा. पाणी त्यांच्या छातीच्या वर गेलं नाही. मी घाई केली नसती तर नवरा पाण्यात उतरला नसता. मी गेले असते, ते नक्की. हे मी कुणाला समजावत बसले नाही. पाणी छातीपाशी थांबणार हे तेव्हा कुणाला ठाऊक होतं? सासऱ्यांनाही नव्हतं. त्यांना नवमी ठाऊक होती.

त्यांना मी पुढं दोष दिला नाही, माफही केलं नाही. कार्तिकात मिठागराचं काम सुरू झालं तेव्हा मी त्यांच्याबरोबर पाट्या वाहायला गेले. आम्ही थेट बोलायला लागलो. मध्ये घालायला पोरगी होती, पण ती लहान होती आणि काम खूप होतं.

त्या दिवशी डोंगरात आम्ही पाच जण गेलो होतो. सासरे, नणंद, माझी मुलगी आणि मी, असे चौघं वाचलो. नवरा वाचला नाही.