शाई भरणारा हात

माझ्या बायकोची धाकटी बहीण बोलायला लागली तेव्हा म्हणे तिचा पहिला शब्द "आई" नव्हता, "थांब" होता. खरंखोटं सासूबाई जाणोत. घरात तिला थांबाबाई म्हणतात. कुठलंही काम तिच्या हातून उशिरा होतं, पण पुन्हा करावं लागत नाही. मी एकतीस वर्षं कारखान्यात लेथवर उभा राहिलो. हाताची पक्की माणसं फार पाहिली नाहीत. ती त्यांतली एक.

बारावीनंतर ती एका संशोधन संस्थेत काचेची भांडी धुवायला लागली. भांडं सात पाण्यांतून काढायचा नियम होता. बाकीच्या बायका चारावर उरकत. ही सात करायची. काही वर्षांनी मॅडमच्या लक्षात आलं की हिनं धुतलेल्या बशीत पेशी मरत नाहीत. मॅडम म्हणजे तिथल्या मुख्य शास्त्रज्ञ, वयानं हिच्याहून लहान. त्यांनी हिला भांड्यांवरून उठवून शाईवर बसवलं.

ही शाई लिहायची नव्हे. प्रथिनाचा चिकट द्रव. त्यात जिवंत पेशी मिसळायच्या, सिरिंजमध्ये भरायच्या आणि सिरिंज छपाईच्या यंत्राला लावायची. यंत्र बारीक सुईतून रेघेवर रेघ घालत जातं आणि मांसाचा तुकडा तयार होतो. यांना हृदयाच्या स्नायूचा तुकडा हवा होता, नखाएवढा. पुढं कधीतरी आजारी हृदयाला ठिगळ लावता यावं म्हणून.

"म्हणजे रफूच की," बायको म्हणाली.

"रफूचं कापड मेलेलं चालतं, ताई. आमचं जिवंत लागतं."

नऊ वर्षं ती जिलेटिनच्या शाईवर होती. जिलेटिन गार झालं की थिजतं. म्हणून सिरिंज भरली की ती मुठीत धरायची आणि हलकेच फिरवायची. उबेनं शाई सैल व्हायची. किती वेळ धरायचं ते तिच्या तळव्याला कळायचं. दुसऱ्यांची शाई सुईत अडायची, हिची नाही. मॅडम पाहुण्यांना सांगत, "यंत्र महाग आहे खरं, पण छापतो हिचा हात."

जिलेटिनमध्ये खोट एकच. शरीराच्या उबेत ते विरघळतं. तुकडा दोन दिवसांत ढासळून बसायचा. म्हणून कोलॅजन घेतलं. कातडीला घट्ट धरून ठेवणारं प्रथिन ते हेच. दोन वर्षं दोघी त्याच्यामागं होत्या. आंबटपणा किती, मीठ किती, दाटपणा किती. एकशे चाळीस मिश्रणं ओतून दिली. पुढचं जमलं.

जमलं म्हणजे अर्धं. सकाळची पहिली सिरिंज सुरेख उतरायची. दुसरी अडायची. तिसरी तर हलायचीच नाही. एका तुकड्याला तीन लागत. मॅडमनी दोन महिने वाट पाहिली. मग म्हणाल्या, ही शाई अर्ध्या तासात म्हातारी होते. महिनाअखेर बंद करू, परत जिलेटिन.

त्या रविवारी ती आमच्याकडे आली आणि चहाला नको म्हणाली. बायकोनं तेव्हाच ओळखलं.

"शाई चांगली आहे, भावजी. मला ठाऊक आहे."

"तुला ठाऊक असून काय? सुईला ठाऊक आहे का?"

"तुम्ही आणखी मीठ चोळा."

तिनं वही पुढं टाकली. दोन महिन्यांची. खोलीचं तापमान, बर्फ किती, सुई कुठली, वेळ मिनिटांत. मी चष्मा लावून पानं उलटली. शास्त्र मला कळत नाही. कामाची वही कळते.

"सगळं लिहिलंस. तू काय करतेस ते कुठाय?"

"मी भरते."

"कशी?"

"कशी म्हणजे? हातानं. अकरा वर्षं भरतेय."

"आमच्याकडे माप चुकलं की फोरमन आधी मोजणाऱ्याचा हात बघायचा. मी एकदा लेथवरून उतरलेला गरम नग तसाच मोजला. माप बरोब्बर. गार झाल्यावर सगळे बारीक. बावन्न नग भंगारात. सहा महिने मला गरममामा म्हणत होते."

बायको हसली. थांबाबाई हसली नाही.

"म्हणजे दोष माझ्या हाताचा? भांड्यांवरून वर आले ती या हातावर, भावजी."

"मी कुठं म्हटलं? लिही, एवढंच म्हटलं."

"म्हणायचं ते म्हणालात." वही उचलून ती गेली. बायकोनं मला ताट आपटूनच वाढलं.

पुढचं तिनंच नंतर सांगितलं. सोमवारी तिनं पहिल्यांदा स्वतःचा हात लिहायला घेतला. "बर्फातून सिरिंज काढली. मुठीत धरली. फिरवली." इथं पेन थांबलं. कोलॅजनचं जिलेटिनच्या उलट. गार असेतो पातळ, ऊब लागली की घट्ट. हे तिला पाठ होतं. डोक्यानं शाई बदलली होती, हातानं नाही. पहिली सिरिंज निभायची, कारण बर्फ उपसून बोटं बधीर झालेली असायची. मग हात तापायचा.

दुसऱ्या कुणी गुपचूप सवय सोडून "बघा, शाई सुधारली" म्हटलं असतं. तिनं मॅडमना बोलावलं. तळवे चोळून गरम केले आणि तीन सिरिंज मुठीत धरल्या. तीन चिमट्यानं, बर्फावरून थेट यंत्राला लावल्या. मुठीतल्या तिन्ही अडल्या. चिमट्यातल्या शेवटच्या थेंबापर्यंत उतरल्या.

"दोन महिने शाई मी बिघडवली, मॅडम. शाईचा दोष नाही."

मॅडम सुईकडे बघत राहिल्या. "आणि मी रोज शेजारी उभी राहून तुझ्या हाताचं कौतुक करत होते," त्या म्हणाल्या. मग दोघींना हसू आवरेना.

महिनाअखेरीला अठरा दिवस होते. चूक कळणं वेगळं, हात वळणं वेगळं. चिमटा धरला तरी दुसरी मूठ आपोआप सिरिंजकडे जायची. तिनं हातमोज्याच्या तळव्यावर लाल फुली काढली. अकरा दिवस पाणी भरलेल्या सिरिंजवर सराव केला, रोज पन्नास. एकीलाही तळवा लागला की पन्नास पहिल्यापासून. बाराव्या सकाळी खरी शाई घेतली. तीन सिरिंज, एकामागून एक, न अडता. तुकडा उबदार पेटीत गेला.

महिन्याच्या शेवटच्या दिवशी फोन आला. "ताईला घेऊन या. आत्ता."

आम्हाला पांढरे अंगरखे घालून आत नेलं. भिंतीवर तिच्या अक्षरात कागद होता: "सिरिंज मुठीत धरू नये. मी धरली होती."

"मागं वाचा," ती म्हणाली. मी कागद उलटून पाहिला. शाई बंद करायचा हुकूम होता. मॅडमनी त्यावर आडवी रेघ मारून सही केली होती.

तिनं मला सूक्ष्मदर्शकासमोर बसवलं. मी डोळा लावला. पिवळट, जाळीदार तुकडा. मेलेल्या चिंधीसारखा.

"काही हलत नाही गं."

"थांबा, भावजी."

मी थांबलो. आणि तुकडा आकसला. सगळा एकदम, या कडेपासून त्या कडेपर्यंत. सैल झाला. पुन्हा आकसला.

बायको मागून ढकलत होती, "मला बघू द्या की!" मी जागा सोडली नाही. घड्याळ काढून मोजलं. मिनिटाला बेचाळीस. चूक नको म्हणून पुन्हा मोजलं.

बेचाळीसच.