जळणारं की न जळणारं?

गोमी-सान कलेचे दोनच प्रकार मानत: जळणारी आणि न जळणारी. जपानमधल्या त्सुकुबाजवळच्या आमच्या सरकारी कलाशाळेचे ते शिपाई. परीक्षा देऊन चित्र-शिल्प शिकायला तिथे लांबलांबून मुलं येत, आणि सत्र संपलं की आपापली निर्मिती जळणारी-न जळणारी अशी निवडून टाकायला त्यांच्या कचराखोलीसमोर रांग लावत. जपानीत गोमी म्हणजे कचरा, सान म्हणजे आपलं 'राव'. नाव मुलांनी ठेवलेलं, आणि त्यांनाही ते पसंत होतं.

एकदा शिल्पाचे सर स्वतःचंच एक मोडकं शिल्प घेऊन आले आणि त्यामागचा विचार समजावू लागले. गोमी-साननी सगळं ऐकून घेतलं. म्हणाले, "विचार राहू द्या. खिळे तेवढे वेगळे काढा." सर मुकाट्याने खिळे उपटत बसले.

दुसऱ्या वर्षी माझ्या शिल्पाला बक्षीस मिळालं. प्लास्टर, तारा आणि आईची जुनी साडी, सगळं घट्ट चिकटवलेलं. बाबांना त्यांच्या संशोधन संस्थेने दिलेलं घर दोन खोल्यांचं. आई म्हणाली, "हे भूत घरात आणायचं नाही." म्हणून ते गोमी-सानकडे नेलं.

"आधी सगळं वेगळं कर," ते म्हणाले.

"बक्षीस मिळालंय याला."

"मग बक्षीस देणाऱ्यांच्या घरी पाठव."

तीन दुपारी मी पक्कड घेऊन बसले. ते शेजारी चहा पीत. तिसऱ्या दिवशी आपणहून बोलले. भूकंपानंतर लाटेने त्यांचं किनाऱ्यावरचं गाव नेलं, तेव्हा वर्षभर ते तिथला ढिगारा निवडत होते.

"घरं, होड्या, गाद्या, सगळं एकमेकांत अडकलेलं. तुझ्या शिल्पासारखंच. कोणाचं काय, ते विचारायला माणसं नव्हती. तू तर समोर बसली आहेस. तूच सोडव."

मी उरलेल्या तारा सोडवल्या.

मी तिसऱ्या वर्षाला असताना त्यांच्या गावच्या टेकडीवर नवी घरं बांधून झाली आणि ते परत निघाले. निरोपाच्या भाषणात मुख्याध्यापकांनी त्यांना कलेचे रक्षक म्हटलं, तेव्हा ते जांभई आवरत होते. नंतर पहिल्यांदाच आमच्या प्रदर्शनात डोकावले आणि माझ्या कोळशाने काढलेल्या एका म्हातारीच्या चित्रासमोर थांबले.

"माझ्या बायकोचं नाक असं नव्हतं."

ही तुमची बायको नाही, असं माझ्या ओठांवर आलं होतं. तेवढ्यात ते म्हणाले, "तिचा एकही फोटो सापडला नाही."

मी नवा कागद घेतला. "मग कसं होतं नाक?"

ते खुर्ची ओढून बसले आणि सांगू लागले. मी चारदा खोडलं. त्यांची बस गेली. पाचव्यांदा मी पुसायला हात उचलला, तर त्यांनी तो धरला, कागद काढून घेतला आणि गुंडाळून काखेत मारला. सही करायची राहूनच गेली.